बिल वाढलं? आधी मीटर आणि काटा, मग बाकी सगळं

वीजबिल फुगलं की घरात पहिली संक्रांत दिव्यांवर येते. ६० वॉटच्या पिवळ्या बल्बच्या काळात ते ठीक होतं. आता छताला ९ वॉटचा एलईडी असतो, आणि तो विसरून जळत राहिला तर एक युनिट व्हायला १११ तास लागतात. त्याच घरात बादलीत सोडलेला दीड हजार वॉटचा रॉड १० मिनिटं जास्त राहिला तर पाव युनिट गेलं. तेवढ्या विजेत तो दिवा जवळजवळ २८ तास जळला असता.

दिवे जरूर बंद करा, पण शोधाची सुरुवात तिथून करू नका. घरातली नासाडी मुख्यतः दोन जागी असते. एक, जिथे उष्णता तयार होते: शेगडी, गिझर, रॉड, इस्त्री. दोन, जे कोणी हात न लावता २४ तास चालू असतं: फ्रिज, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्स, राउटर. पंखा या दोन्हींच्या मधला. वॉट कमी, पण तास फार. या दोन्ही नासाड्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून आधी मोजायच्या.

मीटरवरचा लाल दिवा वाचायला शिका

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. एका युनिटमागे तो दिवा किती वेळा लुकलुकतो, ते हा आकडा सांगतो. दोन लुकलुकींमधले सेकंद मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. मीटर ३२०० चा असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, १६०० चा असेल तर २२५० ला. उत्तर येतं ते त्या क्षणी घरात ओढल्या जाणाऱ्या विजेचे वॉट. ३२०० च्या मीटरवर १५ सेकंदांना एकदा लुकलुकत असेल तर ७५ वॉट, म्हणजे बरोबर एक जुना पंखा. एकच लुकलुक मोजली तर चूक होते. दहा मोजा आणि वेळेला दहाने भागा.

आता खरी तपासणी. दिवस असा निवडा की आदल्या २४ तासांत वीज गेलेली नसेल. नाहीतर इन्व्हर्टर बॅटरी भरत बसलेला असतो आणि हिशेब चुकतो.

१. घरातले दिवे, पंखे आणि उपकरणं रोज करता तशी बंद करा, पण प्लग जिथल्या तिथे राहू द्या. फ्रिज मात्र थोडा वेळ बंद करा.
२. मीटर बघा. आत्ता जे वॉट निघतील ती तुमच्या घराची ‘काहीच चालू नसतानाची’ वीज.
३. बोर्डातल्या एमसीबी, म्हणजे वेगवेगळ्या खोल्यांची वीज तोडणारे खटके, एकेक करून पाडा आणि प्रत्येक वेळी लुकलुक किती मंदावली ते लिहा. कोणत्या खोलीतली वीज आहे ते कळतं.
४. शेवटी मेन स्विच बंद करा. आता लुकलुक पूर्ण थांबली पाहिजे.
५. फ्रिज परत चालू करायला विसरू नका. हे सांगायचं कारण, बऱ्याच जणांची तपासणी दूध नासण्यावर संपते.

दुसऱ्या पायरीला ३० सेकंदांना एक लुकलुक आली तर ३२०० च्या मीटरवर ते ३७.५ वॉट झाले. छोटा आकडा वाटतो, पण महिन्याचे ७२० तास धरले की २७ युनिट होतात, तेही कोणी काहीच वापरलेलं नसताना. चौथ्या पायरीला, मेन स्विच बंद असतानाही लुकलुक चालू राहिली तर मीटर आणि मेन स्विचच्या मध्ये कुठेतरी वीज जाते आहे. चाळीत किंवा जुन्या इमारतीत जिन्यातला दिवा, पंपाची वायर किंवा शेजारची जोडणी तुमच्या मीटरवर आलेली असू शकते. मीटरच्या सीलला हात लावू नका, वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा. काही मीटरचा दिवा भार शून्य असताना लुकलुकत नाही, नुसता स्थिर पेटून राहतो. तो बिघाड नाही.

वाचवलेल्या युनिटची किंमत किती?

महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे आहेत. ३०० ओलांडले की सगळीच युनिटं महाग होतात असा एक समज घरोघरी आहे. तसं होत नाही. ३२० झाली तर फक्त वरची २० युनिटं पुढच्या दराने लागतात. पण याचाच अर्थ असा की तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात महाग असतं.

म्हणून एकूण बिलाला युनिटांनी भागून दर काढू नका. स्थिर आकार काहीही केलं तरी द्यावाच लागतो. तुमचा वापर ज्या टप्प्यात संपतो त्याचा दर, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरा. हा आकडा एका कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला लावा, पुढे लागणार आहे. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांची दरपत्रकं वेगळी आहेत, पण हिशेबाची रीत हीच.

आता शेगडीकडे

विजेला मीटर आहे, टाकीला नाही. त्यामुळे गॅस किती जातो याचा अंदाज ‘या वेळी टाकी लवकर संपली’ एवढ्यावरच राहतो. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. टाकीच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. ते १५.३ असेल तर भरलेली टाकी २९.५ किलो भरली पाहिजे. टाकी आणून देणाऱ्याकडे काटा असणं अपेक्षित आहे, दारातच वजन करून मागा. मग टाकी लावल्याची तारीख लिहा. ४० दिवस टिकली तर रोजचा गॅस ३५५ ग्रॅम, ५० दिवस टिकली तर २८४. पुढे काहीही बदल केला तरी याच आकड्याशी ताडून बघायचं. मध्येच किती उरलाय हे बघायचं असेल तर ओल्या फडक्याने टाकी उभी पुसा. जिथवर द्रव गॅस आहे तो भाग उशिरा वाळतो, वरचा आधी.

मोठा बर्नर पूर्ण उघडा ठेवला तर तासाला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस पितो. रोज १० मिनिटं तो विनाकारण मोठा राहिला, तर वर्षाला सुमारे पाऊण टाकी त्यातच जाते.

ज्योतीचा रंग आधी बघा. ज्योत निळी, आखूड आणि शांत हवी. पिवळी, लांब, डोलणारी असेल आणि पातेल्याचा तळ काळा पडत असेल तर हवा कमी पडते आहे किंवा बर्नर बुजला आहे. काजळी म्हणजे न जळलेला गॅस. शिवाय त्या काळ्या थरातून भांड्याला आच नीट लागत नाही, म्हणजे दुहेरी तोटा. ज्योत आवाज करत बर्नरवरून उचलली जात असेल तर उलट, हवा जास्त आहे.

बर्नर थंड झाल्यावर टोपी काढा. गरम पाण्यात चिंच किंवा लिंबू आणि थोडं मीठ घालून पितळी टोपी अर्धा तास बुडवून ठेवा, मग प्रत्येक भोक टाचणीने मोकळं करा. उतू गेलेलं दूध आणि डाळीचा फेस या भोकांत सिमेंटसारखा बसतो. टोपी पूर्ण वाळल्यावरच परत लावा. ओली लावली तर ज्योत फडफडते. टोपी खाचेत बसली नाही तर एका बाजूने ज्योत मोठी येते, हे पुष्कळदा ‘बर्नर खराब झाला’ म्हणून खपवलं जातं.

एक चूक मात्र करू नका. शेगडीखालचा जेट, म्हणजे जिथून गॅस बर्नरमध्ये येतो ते तोंड, त्याच्या बारीक छिद्रात सुई घालून ते कोरू नका. जेट मऊ पितळेचा असतो, त्यामुळे छिद्र रुंदावतं. गॅस जास्त यायला लागतो, हवा तेवढीच राहते, आणि ज्योत कायमची पिवळी होते. जेट बुजला असेल तर काढून फुंकून साफ करा, नाहीतर नवा बसवून घ्या. तो स्वस्तात मिळतो. पाइपगॅस घेतलेल्या घरांत जेट बदललेला असतो, कारण त्या गॅसला छिद्र मोठं लागतं. तीच शेगडी गावाला नेऊन टाकीला जोडली तर ज्योत धोकादायक मोठी येते. आधी जेट बदला.

गळतीसाठी साबणाचं पाणी. रेग्युलेटरचा सांधा, पाइपची दोन्ही टोकं आणि कॉक यांवर फेस लावा, बुडबुडे येतात का बघा. काडी पेटवून कधीही नाही. पाइपगॅसवाल्यांना सोपी युक्ती आहे. रात्री शेगडी बंद झाल्यावर मीटरचे शेवटचे आकडे लिहून ठेवा आणि सकाळी चहाच्या आधी परत बघा. हलले असतील तर गळती आहे. नारिंगी सुरक्षा पाइपवर तारीख छापलेली असते, ५ वर्षांनी तो बदलायचा, चांगला दिसत असला तरी. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या एकाही बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन.

कुकर: शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा

मराठी स्वयंपाकघरात गॅसचा मोठा वाटा कुकरमध्ये जातो आणि तिथेच वाचवायला सगळ्यात जास्त जागा आहे. ‘डाळीला चार, छोल्यांना सहा’ ही शिट्ट्यांची पद्धत गॅसच्या दृष्टीने महाग आहे. पहिली शिट्टी होते तेव्हा आतला दाब पूर्ण झालेला असतो आणि पाणी सुमारे १२० अंशांवर असतं. त्यानंतर गॅस मोठा ठेवला तरी आतलं तापमान वाढत नाही. जास्तीची सगळी आच शिट्टीतून वाफ होऊन बाहेर जाते. अन्न शिजतं ते त्या तापमानावर किती वेळ राहिलं त्यावर.

म्हणून पहिली शिट्टी होईपर्यंत गॅस मोठा, शिट्टी झाली की लगेच बारीक, इतका की शिट्टी नुसती फुसफुसत राहील पण उडणार नाही. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला बारीक गॅसवर १० मिनिटं पुरतात. रात्रभर भिजवलेल्या छोल्यांना किंवा राजम्याला २० ते २५. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या, तेवढ्या १० मिनिटांत फुकट शिजतं. शिट्टी उचलून वाफ काढली की ती उष्णता गेलीच.

तळात पाणी किती, याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. डबे लावताना कुकरच्या तळाला दोन पेले पाणी पुरे. ‘जळायला नको’ म्हणून लिटरभर जास्त ओतलं तर ते १२० अंशांपर्यंत तापवायला दर वेळी सुमारे १७ ग्रॅम गॅस जातो. रोज एकदा कुकर लागत असेल तर वर्षाला सहा किलोच्या वर, म्हणजे अर्ध्या टाकीला थोडा कमी, नुसत्या त्या पाण्यात. खाली वरण, मध्ये भात, वर बटाटे असे तीन डबे एकाच वेळी लावणं ही आपल्याकडची जुनीच हुशारी आहे. बटाटे वेगळे उकडायला दुसऱ्यांदा कुकर लावणं टाळा.

डाळ शिजतच नाही अशी तक्रार असेल तर गॅस वाढवण्याआधी दोन गोष्टी बघा. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घातले तर आंबटामुळे डाळीचं साल आणि गर मऊ व्हायला वेळ लागतो. ते फोडणीनंतर घाला. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळेही डाळ अडते. अशा वेळी प्यायचं गोड पाणी वापरा किंवा चिमूटभर सोडा टाका.

शिट्टी व्हायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतोय आणि झाकणाच्या कडेने वाफ किंवा थेंब येतायत? रिंग ढिली झाली आहे. रिंग फ्रीझरमध्ये ठेवून लावली की एखादा दिवस निभावतं, पण नवी घ्यायची वेळ आली हाच त्याचा अर्थ. कुकरच्याच कंपनीची आणि त्याच मापाची घ्या.

बाकी स्वयंपाकाचं थोडक्यात. उकळी आली की गॅस बारीक करा. खळखळ उकळणारं पाणी मंद उकळणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त गरम नसतं. झाकण ठेवा. लहान पातेलं लहान बर्नरवर, ज्योत भांड्याच्या कडेने वर चढता कामा नये. चहाचं पाणी कपाने मोजून ठेवा. फ्रिजमधलं दूध आणि मळलेली कणीक अर्धा तास आधी बाहेर काढा. मेथी चिरून, कांदा कापून, फोडणीचं सगळं हाताशी ठेवून मगच गॅस पेटवा. रिकाम्या कढईखाली जळणारा गॅस सगळ्यात वाईट.

गॅस की इंडक्शन?

याला एकच उत्तर नाही, पण हिशेब सोपा आहे. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती एलपीजी शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. मात्र ती प्रयोगशाळेतल्या मोजक्या भांड्याखाली. रोजच्या स्वयंपाकात ५० ते ५५ टक्के उष्णता भांड्यात गेली तरी चांगलं म्हणायचं. इंडक्शनवर साधारण ८५ टक्के जाते. एका टाकीत सुमारे १८० युनिटांएवढी उष्णता असते. त्यातून भांड्यात जेवढी पोचते, तेवढी पोचवायला इंडक्शनला जवळजवळ ११० युनिटं लागतात.

तेव्हा टाकीच्या किमतीला ११० ने भागा. टाकी ८८० रुपयांना पडत असेल तर उत्तर ८ रुपये. फ्रिजच्या दाराला लावलेला तुमच्या वरच्या युनिटचा दर त्याच्या खाली असेल तर इंडक्शन स्वस्त, वर असेल तर गॅस. दर महिन्याला १०० युनिटांच्या आत असणाऱ्या घराला इंडक्शन परवडू शकतं, पण इंडक्शनमुळेच वापर पुढच्या टप्प्यात जाणार असेल तर तो पुढचाच दर धरा. उन्हाळ्यात एसी चालणाऱ्या घरात हिशेब उलटतो.

इंडक्शनला तळ सपाट आणि लोहचुंबक चिकटेल असं भांडं लागतं. तळ फुगलेला तवा त्यावर नुसता डुगडुगतो. दोन हजार वॉटचं इंडक्शन साध्या ६ अँपियरच्या सॉकेटला लावू नका, जवळजवळ ९ अँपियर ओढतं आणि सॉकेट वितळतं. गिझरसारखा १६ अँपियरचा पॉइंट हवा. आणि भाकरी शेवटी फुगवायला ज्योत लागतेच, त्यामुळे शेगडी काढून टाकायचा विचार करू नका.

गिझर आणि रॉड

आंघोळीला ४० अंशांचं पाणी पुरतं. २० लिटरची बादली २५ वरून ४० अंशांवर न्यायला ०.३५ युनिट लागतं, मग ते रॉडने तापवा नाहीतर गिझरने. फरक पडतो तो जास्तीच्या तापवण्याने. गिझरचा थर्मोस्टॅट बहुतेक वेळा ६० च्या वर ठेवलेला असतो. आपण पाणी ६० पर्यंत तापवतो, त्यात गार पाणी मिसळतो आणि टाकीत उरलेलं गरम पाणी दिवसभर थंड होऊ देतो. थर्मोस्टॅट ५० वर आणा. १५ लिटरचा दोन हजार वॉटचा गिझर २० मिनिटांत तयार होतो, त्यामुळे पहाटे पाचला लावून सातला आंघोळ करायची गरज नाही. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ होऊ द्या. मध्ये दोन तासांचं अंतर पडलं की तेच पाणी परत तापतं.

आठवड्यातून एकदा मात्र ते ६० अंशांपर्यंत जाऊ द्या. सतत कोमट राहणाऱ्या टाकीत जंतू वाढू शकतात.

क्षाराचं पाणी असलेल्या भागात दोन-तीन वर्षांत एलिमेंटवर पांढरा खडकासारखा थर बसतो. गिझरमधून खदखद किंवा फटफट आवाज यायला लागला की समजा तो थर जमलाय. पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी एलिमेंट जळतं. मेकॅनिककडून साफ करून घ्या आणि त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे अ‍ॅनोड, झिजलीय का बघायला सांगा.

गॅस गिझर वीज वाचवतो खरा, पण तो बंद न्हाणीघराच्या आत कधीही नको. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. गिझर बाहेरच्या उघड्या जागेत बसवा, आत फक्त गरम पाण्याचा नळ.

पंखे, फ्रिज आणि २४ तासवाले

साधा छताचा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचा पंखा साधारण ३० वॉट. रोज १५ तास चालणाऱ्या पंख्यावर महिन्याला ३४ ऐवजी साडेतेरा युनिटं, म्हणजे एका पंख्यामागे २० युनिटांचा फरक. पण सगळे पंखे बदलायची घाई नको. हॉल आणि झोपायच्या खोलीतला बदला. पाहुण्यांच्या खोलीत दिवसाला तासभर फिरणारा जुनाच राहू द्या. बीएलडीसी पंख्याच्या आधी असलेला भिंतीवरचा रेग्युलेटर काढून टाका, त्याची वेगाची सोय पंख्यातच असते. रेग्युलेटर राहिला तर पंखा गुरगुरतो किंवा आतला सर्किट बोर्ड जातो. आणि जुना पंखा पाचवर ठेवूनही वारा देत नसेल तर आधी २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलून बघा, तो किरकोळ किमतीत मिळतो.

फ्रिजची तपासणी नोटेने करा. दारात दहाची नोट अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथे रबर ढिलं आहे. चारही बाजूंना असं करा, बिजागरीकडे सुद्धा. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं तरी बऱ्याचदा परत चिकटायला लागतं, कारण खाचेत तेलकट मळ साचलेला असतो. फ्रिज आणि भिंत यांत अर्धा फूट जागा हवी. मागे जाळी असेल तर तिच्यावरची धूळ वर्षातून दोनदा ब्रशने काढा, प्लग काढून. डीफ्रॉस्टचं बटण असलेल्या सिंगल डोअर फ्रिजमध्ये बर्फ बोटाच्या अर्ध्या पेराएवढा व्हायच्या आत ते बटण दाबा. थर्मोस्टॅटच्या चकतीवरचा मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. बरेच जण उलटं समजतात आणि हिवाळ्यातही फ्रिज ७ वर चालतो. मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा, सकाळी ४-५ अंश दाखवला की बस. नवा फ्रिज आल्यावर जुना गॅलरीत ‘भाजी ठेवायला’ चालू ठेवण्याची पद्धत मात्र बंद केलेली बरी. उन्हात उभा असलेला पंधरा वर्षांचा फ्रिज रात्रंदिवस धापा टाकत असतो.

सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी १० वॉटच्या आसपास घेत राहतो, महिन्याला ७ युनिटं. भिंतीवरचं बटण बंद करा. इन्व्हर्टरची चार-पाच वर्षं जुनी बॅटरी भरल्यावरही वीज ओढत राहते. हात लावून बघा, वीज गेलेली नसताना ती गरम लागत असेल तर तीच चोर आहे. डिस्टिल्ड वॉटरची पातळी किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये ठेवा, नळाचं पाणी अजिबात नको.

एसीला २४ ते २६ अंश आणि सोबत मंद पंखा. २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतात, ते कारण नसताना १८ वर नेऊ नका. १८ केल्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त कंप्रेसर थांबत नाही. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा.

पंपाचं बिल खरं तर फ्लशमध्ये असतं. गळणाऱ्या फ्लशच्या टाकीत थोडी हळद कालवा आणि १५ मिनिटं पाणी सोडू नका. भांड्यात पिवळं दिसलं तर वॉशर गेला आहे. ते पाणी रात्रंदिवस वाहतं आणि पंप ते पुन्हा वर चढवत राहतो.

गावाला चार दिवस जाणार असाल तर फ्रिज चालू राहू द्या, बाकीच्या एमसीबी पाडा आणि टाकीचा रेग्युलेटर बंद करा. महिनाभर जाणार असाल तर फ्रिज रिकामा करून बंद करा, आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि दारात घडी घातलेला नॅपकिन अडकवून दार किलकिलं ठेवा. बंद दारामागे थोडाही ओलावा राहिला तर परत येईपर्यंत रबराच्या खाचेत काळी बुरशी धरते, आणि ती काढताना रबर फाटतं.